कुंथलगिरीचे छत्तीस दिवस आणि आपण गृहस्थ

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजाराची माहिती व वर्षाचा अहवाल यांबरोबर धर्मविषयक एक अभ्यासलेख असावा, अशी प्रथा आहे. या खेपेस ते काम संपादक मंडळाने आम्हांवर सोपविले. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी; शिक्षण मॅट्रिकपर्यंत. शास्त्राचे अध्ययन पंडितांसारखे नाही. जे काही आहे ते पेढी बंद झाल्यावर रात्री केलेले वाचन आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. म्हणून लेखात काही उणे आढळल्यास जाणत्यांनी सुधारून घ्यावे, ही प्रथमच विनंती.

विषय आम्ही मरणाचा निवडला आहे. स्मरणिका घरोघर जाते, लेकीसुनांच्या व मुलांच्या हाती पडते. अशा अंकात हा विषय अमंगल दिसेल, अशी शंका एका स्नेह्यांनी घेतली. तीस आमचे उत्तर असे की, ज्या मालाची आवक ठरलेली आहे त्यासाठी वखारीत आधी जागा करून ठेवणारा व्यापारीच शहाणा म्हणविला जातो. मरणाइतकी ठरलेली आवक दुसरी कोणती? तरीही तिच्यासाठी जागा करून ठेवणारी घरे फार थोडी, आणि आमचे घर त्यांत नव्हते. ते कसे, हे पुढे येईलच.

भोजचे सातगौडा

निपाणीपासून फार दूर नाही असे भोज हे गाव वेदगंगा व दूधगंगा यांच्या संगमाच्या परिसरात आहे. भोजच्या पाटील घराण्यात, आजोळी येळगूळ येथे, १८७२ साली सातगौडा या मुलाचा जन्म झाला. वडिलांचे नाव भीमगौडा, आईचे सत्यवती. घर शेतीवाडीचे, आणि गावात कापडाचे दुकानही होते. हेच सातगौडा पुढे आचार्य शांतिसागर महाराज म्हणून सर्व हिंदुस्थानास ठाऊक झाले.

त्यांचे चरित्रकार पंडित सुमेरुचंद्र दिवाकर यांनी दुकानाविषयी एक हकीकत सांगितली आहे. धाकटे बंधू दुकानात नसले म्हणजे सातगौडा गादीवर बसत. गिऱ्हाईक आले की ते म्हणत, हवे ते कापड निवडा, आपल्या हाताने मोजून घ्या, आणि वहीत आपणच मांडून ठेवा. शेतावर राखणीस गेले तर पाखरांना हाकलण्याऐवजी त्यांच्यासाठी पाणी ठेवीत. असे दुकान आजच्या दिवसांत चालेल काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, आमच्याही आला. परंतु या हकीकतीतून आम्ही घेतला तो बोध निराळा आहे. ज्याला लपविण्याजोगे काही नाही, तोच आपली वही दुसऱ्याच्या हाती निर्धास्त देऊ शकतो. उतारवयातील त्यांची शांती या गादीवरच अंकुरली असावी, असे आम्हांस वाटते.

वैराग्य तरुणपणीच जडलेले होते. तथापि आईवडिलांची इच्छा म्हणून ते हयात असेपर्यंत त्यांनी घर सोडले नाही. त्यांची सेवा केली व त्यांच्यामागे दीक्षेचा मार्ग धरला. प्रथम क्षुल्लक झाले, १९२० साली बेळगाव जिल्ह्यातील यरनाळ येथे मुनिदीक्षा घेतली, आणि १९२४ साली समडोळी येथे त्यांस आचार्यपद मिळाले. पुढे पायी विहार करीत ते उत्तर हिंदुस्थानात गेले. सुमारे पस्तीस वर्षांच्या मुनिजीवनात त्यांनी नऊ हजारांहून अधिक उपवास केल्याची नोंद चरित्रकारांनी ठेवली आहे. हा आकडा वाचून थक्क व्हावे आणि पान उलटावे, एवढ्यासाठी आम्ही तो दिलेला नाही. अन्नाचा शेवटचा निरोप घेण्याची वेळ आली तेव्हा हा निरोप त्यांस नवा नव्हता, हे त्यावरून ध्यानी यावे.

छत्तीस दिवस

१९५५ साली महाराजांचे वय त्र्याऐंशी होते. दृष्टी फार मंदावली होती. आपल्यासारख्या गृहस्थास डोळे गेले तर मुलाचा हात धरता येतो. परंतु दिगंबर मुनीचे तसे नाही. पाऊल टाकण्यापूर्वी जमिनीवरचा जीव दिसला पाहिजे, घास घेण्यापूर्वी हातातील अन्न दिसले पाहिजे. दृष्टी गेली की अहिंसेचे व्रत पाळणेच अशक्य होते. व्रत सोडून देह राखावा की देह सोडून व्रत राखावे, एवढाच प्रश्न उरला, आणि महाराजांनी दुसरा मार्ग पत्करला.

स्थान होते कुंथलगिरी, म्हणजे कुलभूषण व देशभूषण या मुनींचे निर्वाणक्षेत्र. आज ते महाराष्ट्राच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. त्या वेळी तो मुलूख हैदराबाद राज्यात होता. १४ ऑगस्ट १९५५ रोजी सल्लेखनेस आरंभ झाला. पहिल्या काळात अधूनमधून पाणी तेवढे घेत. पुढे तेही सोडले. आचार्यपद त्यांनी आपले शिष्य वीरसागर महाराज यांस दिले. वीरसागरजी त्या वेळी दूर जयपुरास होते, म्हणून तसे पत्र पाठविण्यात आले. सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी मराठीतून बावीस मिनिटांचा शेवटचा उपदेश केला. तो यंत्रावर मुद्रित करून ठेवलेला आहे. पंचवीस दिवस अन्न पोटात नसलेल्या माणसाने लोकांस सांगितले ते हे की, संयमाला भिऊ नका, आणि रोज थोडा वेळ का होईना, आत्म्याचे चिंतन करा. १८ सप्टेंबर १९५५, रविवारी सकाळी, छत्तिसाव्या दिवशी त्यांचे समाधिमरण झाले.

आमचे वडील त्या वेळी पंचविशीत होते. निपाणीहून मोटारीने मिरज, तेथून बार्शी लाइनच्या छोट्या रेल्वेने बार्शी, आणि पुढे मिळेल त्या वाहनाने, असे ते चौघे मित्र कुंथलगिरीस गेले. गर्दी अफाट होती. दर्शन लांबूनच झाले. घरी परतल्यावर आजीने विचारले, काय पाहिलेस? वडिलांनी दिलेले उत्तर आमच्या घरात पुष्कळदा सांगितले जाई. ते म्हणाले, “तिथं कुणी कुणाशी खोटं बोलत नव्हतं.” महाराज जाणार आहेत, हे महाराजांस ठाऊक, शिष्यांस ठाऊक, आणि डोंगराच्या पायथ्याशी चहा विकणाऱ्यासही ठाऊक. बरे वाटेल, काळजी करू नका, असे वाक्य वडिलांच्या कानी तेथे एकदाही पडले नाही.

लहानपणी या उत्तराचा अर्थ आम्हांस कळला नव्हता. तो कळण्यास साठी गाठावी लागली.

शास्त्र काय सांगते

आपल्या संघात दिगंबर आहेत तसे श्वेतांबरही आहेत. एक ज्यास सल्लेखना म्हणतो त्यास दुसरा संथारा म्हणतो, तत्त्व एकच. सल्लेखना म्हणजे नीट कृश करणे. काय कृश करणे? नुसता देह नव्हे. क्रोध, मान, माया व लोभ हे चार कषायही झिजवावयाचे. कषाय तसेच राहिले आणि देह तेवढा सुकला, तर ते उपोषण झाले, सल्लेखना नव्हे.

ती केव्हा घ्यावी, याची मर्यादा आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात घातली आहे. ज्यावर उपाय उरला नाही असे संकट, दुष्काळ, वार्धक्य अथवा रोग ओढवला असता, धर्म राखण्यासाठी देह सोडणे म्हणजे सल्लेखना. उपाय उरला नाही, ही अट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. जो रोग औषधाने बरा होतो, त्याच्यासाठी औषध हाच मार्ग.

याहून महत्त्वाचा आहे तो विधीचा क्रम. सामान्यतः लोकांस वाटते की सल्लेखनेचा आरंभ अन्न सोडण्यापासून होतो. ग्रंथातील क्रम तसा नाही. प्रथम स्नेह, वैर व परिग्रह यांतून मन सोडवावयाचे. मग स्वजन आणि परिजन या दोघांनाही गोड शब्दांनी क्षमा करावयाची व त्यांच्याकडून क्षमा मागून घ्यावयाची. मग जी पापे आपण केली, करविली अथवा ज्यांस मान हलविली, ती सर्व निष्कपटपणे उघड करावयाची. त्यानंतर शोक व भय टाकून मन प्रसन्न करावयाचे. इतके सर्व झाल्यावर मग आहार क्रमाक्रमाने कमी करावयाचा: आधी अन्न, मग दुधासारखी पेये, मग ताक व पाणी, आणि शेवटी तेही नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर पेढीची दारे लावणे हे अखेरचे काम. तत्पूर्वी खातेवही पुरी झालेली असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितलेले आहेत. आणखी जगावे अशी इच्छा, लवकर मरावे अशी इच्छा, भय, मित्रांची आठवण काढून झुरणे, आणि पुढील जन्मी अमुक मिळो अशी मागणी. यांपैकी दुसरा दोष वाचून आम्ही प्रथम पुस्तक खाली ठेवले. ज्याने मरण पत्करले आहे, त्याने मरणाची इच्छासुद्धा धरावयाची नाही! जगण्याला चिकटावयाचे नाही, आणि मरणाला ओढूनही आणावयाचे नाही. तराजूची दोन्ही पारडी सारखी आली म्हणजे काटा जसा मध्यावर स्थिर उभा राहतो, तशी ही शांती आहे.

आमचा अपराध

आता जे लिहावयाचे ते लिहिण्यास हात कचरतो. परंतु ते वगळले तर या लेखास काही मोल राहणार नाही.

आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणत असू, ते पेढीचा सर्व कारभार पाहत. २०१६ सालच्या पावसाळ्यात त्यांस स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निघाले. रोग फार पुढे गेलेला होता. मोठ्या शहरातील ज्या डॉक्टरांनी तपासले, त्यांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, “पेशंटला सांगितलंय का?” आम्ही म्हणालो, नाही, आणि आपणही सांगू नये. ही विनंती आमची होती. दोष डॉक्टरांचा नाही. वहिनींस, मुलांस व दुकानातील माणसांसही आम्ही ताकीद दिली. दादांस सांगितले की पोटात सूज आहे, उतरेल.

दादा दर आठ दिवसांनी विचारीत, “दसऱ्याला पेढीवर बसेन ना मी?” आम्ही म्हणत असू, “बसणारच.” चौकडीत वाढलेला माणूस तो, आमचा चेहरा त्यांस वाचता येत नसेल काय? आज वाटते, त्यांस सारे कळले होते, आणि आम्हांस दुःख होऊ नये म्हणून तेही आमच्याशी खोटे बोलत राहिले. एका घरात दोन भाऊ तीन महिने एकमेकांशी प्रेमाने खोटे बोलले.

शेवटच्या पाच दिवसांत त्यांस अतिदक्षता विभागात ठेवले. तोंडात नळी, हात बांधलेले. भेटीच्या वेळी आम्ही आत गेलो म्हणजे उजव्या हाताचे बोट गादीवर काहीतरी लिहिल्यासारखे हालवीत. आम्हांस वाटले, पाणी मागताहेत. परिचारिकेने ओठ ओले केले. बोट हालतच राहिले. सहाव्या दिवशी ते थांबले.

तीन महिन्यांनी, पेढी बंद करण्याच्या वेळी, आमच्या वखारीत तीस वर्षे पोती वाहिलेला एक हमाल पायरीशी येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, “थोरल्या मालकांकडं थोडं पैसं ठेवलं हुतं. कागद न्हाई. तुमी म्हणाल तसं.” लेकीच्या लग्नासाठी तो वर्षानुवर्षे मजुरीतून दादांकडे पैसे ठेवीत आला होता. पेढीच्या कीर्द-खतावणीत त्याची नोंद नव्हती. तेव्हा आम्ही दादांचे कपाट शोधले. तेथे एक खिशातील लहान वही सापडली. तीत अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एखाददुसरे अक्षर, आणि पुढे आकडे. हमालाने सांगितलेली रक्कम व एका ओळीतील रक्कम तंतोतंत जुळली. ती त्यास दिली. पुढील वर्षभरात आणखी तिघे आले. त्यांच्याही ओळी जुळल्या, त्यांचेही दिले. सात ओळी राहिल्या.

त्या सात ओळींचे धनी कोण, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. कदाचित ते वारले असतील. कदाचित मालक गेले, आता कोणास विचारावे, म्हणून गप्प बसले असतील. बोटाने गादीवर जे लिहिले जात होते ते काय असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नाही.

क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांतील माया शब्दाचा अर्थ आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात नसतो. मराठीत माया म्हणजे जिव्हाळा. शास्त्रात माया म्हणजे कपट. दादांशी आम्ही जे वागलो त्यात दोन्ही अर्थ एकाच जागी आले. मायेपोटी माया केली. शास्त्रकारांनी स्वजनांबरोबर परिजन, म्हणजे आश्रित व नोकरचाकर, यांचीही क्षमा मागावयास का सांगितले असेल, ते त्या हमालाने आम्हांस शिकविले. आम्ही दादांपासून रोग लपविला असे नव्हे. आम्ही त्यांच्यापासून त्यांचे शेवटचे काम काढून घेतले.

ग्रीस देशातील सॉक्रेटिस नावाच्या तत्त्ववेत्त्याची गोष्ट येथे आठवते. इसवी सनापूर्वी ३९९ साली अथेन्सच्या न्यायसभेने त्यास विषाचा प्याला दिला. त्याचा शिष्य प्लेटो याने ती हकीकत लिहून ठेवली आहे. तीनुसार सॉक्रेटिसाचे शेवटचे बोलणे आत्म्याविषयी नव्हते. आपण एका देवाला एक कोंबडा देणे लागतो, ते देणे चुकते करावयास विसरू नका, असे त्याने मित्रास सांगितले. नवस-बळीची ती चाल अर्थात आपली नव्हे. परंतु ज्यास मरणाची वेळ ठाऊक होती आणि ज्याच्याशी कोणी खोटे बोलत नव्हते, त्यास देण्याची आठवण करण्यास शेवटच्या घटकेपर्यंत सवड मिळाली, हे कोणाही व्यापाऱ्याने विसरू नये.

आक्षेप व कायदा

पुष्कळ जण विचारतात की ही आत्महत्याच नव्हे काय. हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदेशीर ठरविला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. कायद्याचा वाद वकिलांनी करावा. आम्ही व्यवहारातील भेद तेवढा सांगतो. आत्महत्या घाईने होते, चोरून होते, आणि राग, भय किंवा कर्ज यांपोटी होते. सल्लेखना सावकाश, सर्वांसमक्ष, गुरूंच्या अनुज्ञेने व सर्वांची क्षमा घेऊन होते. जेथे घरच्यांचा आग्रह, खर्चाची कुरकुर किंवा लोकांत वाहवा मिळविण्याची हौस शिरली, तेथे सल्लेखनेचे नाव घेणे हे पाप आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि येथेच एक गोष्ट आमच्या बांधवांस हात जोडून सांगावयाची आहे. धंद्यात खोट येते, देणी डोक्यावर चढतात, बाजारात तोंड दाखवू नये असे वाटते. अशा वेळी मनात येणारा मरणाचा विचार आणि या लेखातील मरण यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. मरावे अशी इच्छा हा शास्त्रानेच दोष ठरविला आहे. ज्याच्यावर अशी वेळ येईल त्याने त्याच दिवशी घरात बोलावे, डॉक्टरांकडे जावे आणि संघातील कोणाही वडीलधाऱ्याच्या दारी यावे. देण्याची मुदत वाढवून मिळते. आयुष्याची मिळत नाही.

जैन नसलेल्या थोर पुरुषांनीही हा मार्ग आदराने पाहिला आहे. आचार्य विनोबा भावे यांनी १९८२ च्या नोव्हेंबरात, हृदयविकारानंतर, पवनार येथे अन्न व औषध घेणे थांबविले आणि १५ नोव्हेंबरला, सत्त्याऐंशीव्या वर्षी, देह ठेवला. तो दिवस दिवाळीचा, म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणाचा होता.

गृहस्थाने काय करावे

कुंथलगिरीचे छत्तीस दिवस आपल्या आवाक्यातील नव्हेत. नऊ हजार उपवासांची शिदोरी आपल्यापाशी नाही. परंतु क्रमातील पहिल्या पायऱ्या कोणाही संसारी माणसास चढता येतील. यथामति त्या अशा.

पहिली, देण्याची वही. कागद न करता ठेवलेल्या ठेवी, तोंडी शब्द, हातउसने, नोकरांची साठवण, हे सर्व पुऱ्या नावागावानिशी एका वहीत लिहून ठेवावे आणि ती वही कोठे आहे हे घरातील दोघांस सांगावे. येणे राहिले तर घराचे नुकसान होते. देणे राहिले तर गरिबाचे होते.

दुसरी, क्षमा. पर्युषणाच्या व दशलक्षणाच्या शेवटी आपण क्षमा मागतो. आता ती फोनवरून एकदम दोनशे जणांस पाठविली जाते, आणि ज्या एकाशी खरोखर वैर आहे त्याचे नाव त्यातून वगळलेले असते. त्या एकाच्या घरी जावे. हमालाची व मोलकरणीचीही मागावी.

तिसरी, सत्य. घरात कोणास असाध्य रोग झाला तर त्यास किती व कसे ऐकावयाचे आहे हे हळुवारपणे त्यासच विचारावे. ऐकावयाचे नसेल तर बळजबरी करू नये. परंतु तो विचारीत असेल तर खोटे सांगू नये. पाणी मागितले तर आपण पाणी देतो. सत्य मागितले तर तेच द्यावे.

चौथी, वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला व २०२३ साली त्याची रीत सोपी केली. सज्ञान व शुद्धीवर असलेला कोणीही माणूस, बरे होण्याची आशा संपल्यावर आपणास यंत्रांवर ठेवावे की नाही हे लिहून ठेवू शकतो. त्यावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांची सही लागते. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा त्यांची नावेही त्यात घालावी लागतात. पुढे प्रसंग आला म्हणजे डॉक्टरांची दोन मंडळे तपासून संमती देतात. कर्नाटक सरकारनेही ३० जानेवारी २०२५ रोजी याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. ही सल्लेखना नव्हे; परंतु हात बांधलेल्या अवस्थेत बोटाने लिहिण्याची पाळी त्यामुळे टळू शकते.

पाचवी, रोजचे थोडे. महाराजांनी शेवटच्या उपदेशात जे सांगितले तेच. रात्री कीर्द मिटली की थोडा वेळ डोळे मिटून बसावे आणि आजच्या दिवसाचा जमाखर्च पाहावा. शांती ही ऐन वेळी उधार मिळणारी वस्तू नाही. ती रोज थोडी साठवावी लागते.

समारोप

आमचे वय आता साठीच्या पुढे गेले आहे. गतवर्षी हृदयाच्या तपासणीत काही दोष निघाला. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, काही विशेष नाही. आम्ही त्यास समोर बसविले व दादांची ती लहान वही त्याच्या हाती दिली. थोड्या वेळाने त्याने डॉक्टरांचा कागद काढून सर्व वाचून दाखविले. त्या रात्री आम्हांस कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. वैद्यकीय इच्छापत्र झाले आहे. देण्याची वही मुलास व सुनेस दाखविली आहे. तीत पुरी नावे आहेत.

दिवाळीच्या वहीपूजनास नव्या वहीबरोबर दादांचीही वही पाटावर ठेवली जाते, आणि उरलेल्या सात ओळी, अक्षरे व आकडे, मोठ्याने वाचल्या जातात. ही स्मरणिका बेळगाव, निपाणी व आसपासच्या गावोगावी पोहोचते. वाचकांपैकी कोणी, किंवा त्यांच्या ओळखीच्या कोणी, आमच्या थोरल्या बंधूंकडे विश्वासाने काही रक्कम ठेवली असेल, तर पेढीवर यावे. कागद नसला तरी चालेल. रक्कम सांगावी, ओळ जुळली की ती त्यांची.

आणि दादांच्या व आमच्या हातून झालेल्या सर्व अपराधांची, या पानावरून, सर्वांची क्षमा मागतो.